पाणीपट्टी आणि पाण्याचे मोल

एखाद्याचा कमीपणा दाखवावयाचा असला म्हणजे मराठीत आपण म्हणतो, 'हा त्याच्या घरी पाणी भरील.' आणि एखाद्याची उधळपट्टी वर्णावयाची असली म्हणजे म्हणतो, 'त्याने पाण्यासारखा पैसा खर्च केला.' दोन्ही वाक्प्रचार आपल्या तोंडी इतके बसलेले आहेत की त्यांतील विसंगती सहसा ध्यानात येत नाही. पाणी ही जर इतकी स्वस्त वस्तू असेल, तर ती भरणे हे दास्याचे लक्षण का ठरावे? ह्याचे उत्तर असे की, पाणी आपल्याला स्वस्त वाटत आले ते ज्याने भरले त्याचे श्रम आपण कधी मोजले नाहीत म्हणून. आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे त्याचे मूळ ह्या न मोजलेल्या श्रमांत आहे.

प्रश्न आहे घरगुती पाण्याच्या किमतीचा, आणि तो विशेषतः मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर ह्या दोन शहरांच्या संदर्भात पाहावयाचा आहे. नांदेड गोदावरीच्या काठी वसलेले, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर, मोठ्या नदीपासून दूर. २०११ च्या जनगणनेत नांदेडची वस्ती साडेपाच लाखांच्या आणि लातूरची पावणेचार लाखांच्या वर होती. दोन्ही शहरांत, आणि महाराष्ट्रातील इतर अनेक शहरांतही, एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. जे घर नगरपालिकेची पाणीपट्टी वर्षानुवर्षे थकविते, तेच घर उन्हाळ्यात खासगी टँकरवाल्यास रोख पैसे मोजते आणि वीस लिटरचा जार दारात आला की त्याचे पैसे तेथल्या तेथे देते. ह्यावरून लोक फुकटे झाले आहेत, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. परंतु इतिहास काही निराळे सांगतो. पाण्याचे मोल देण्याची आपल्या घरांना सवय नाही, हे म्हणणे खरे नव्हे. ते मोल घराघरांतून नेहमीच दिले गेले आहे. ते कोणी दिले, कोणाच्या हाती पडले आणि त्याच्या बदल्यात काय मिळाले, एवढाच काय तो वादाचा विषय आहे.

प्रथम प्राचीन काळाकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'उदकभाग' म्हणून एक कर सांगितला आहे. हाताने पाणी ओढून शेत भिजविणाऱ्याने उत्पन्नाचा पाचवा भाग द्यावा, खांद्यावरून वाहून आणणाऱ्याने चौथा, आणि पाटाने वा यंत्राने पाणी घेणाऱ्याने तिसरा. पाण्यावर किंमत बसविण्याची कल्पना आजकालची किंवा परकीयांची आहे असे जे मानतात, त्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. मात्र ह्या हिशेबात पाणी आहे ते शेताचे. तहानेचे पाणी हा व्यवहाराचा विषय नसून धर्माचा विषय होता. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात त्याने नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा आणि पाणपोया, करविल्याचा उल्लेख आहे. ह्या लेखाला सुमारे एकोणीसशे वर्षे झाली. त्याच गोदावरीच्या काठी, खाली पैठणला, एकनाथांची जी कथा सांगितली जाते ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी येथे, म्हणजे पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरी, जमिनीखालून नहर आणून हौद भरले, तेही ह्याच परंपरेतले कार्य होय. पाणी पाजणे पुण्य, आणि त्याची किंमत घेणे हीनपणा, हा संस्कार अशा रीतीने आपल्या रक्तात मुरला. पाणीपट्टीचे बिल पाहून आजच्या गृहस्थाच्या कपाळाला जी आठी पडते, तिच्यात ह्या जुन्या संस्काराचाही काही अंश आहे, हे विसरता कामा नये.

परंतु पुण्याची ही बाजू सांगून थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. कारण दात्याने हौद बांधला तरी हौदापासून घरापर्यंत पाणी आपण होऊन येत नाही. ते कोणी तरी आणावे लागते. पैठणच्याच परंपरेत श्रीखंड्याची कथा आहे. साक्षात श्रीकृष्णाने ह्या नावाने नाथांच्या घरी राहून बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले, आणि त्याची आठवण म्हणून नाथांच्या वाड्यातील रांजण आजही नाथषष्ठीच्या सुमारास भरला जातो. गोदावरीकाठच्याच गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबली, आणि तिच्या कामांत विठ्ठलाने हात दिला, तिच्यासाठी पाणीही भरले, असे लोकमानस सांगते. ह्या कथांत भक्तीचा गौरव आहे, ह्यात संशय नाही. पण त्यांत एक सामाजिक साक्षही दडलेली आहे. देवाने भक्ताच्या घरी येऊन करावे असे सर्वांत कष्टाचे काम कोणते, असा प्रश्न पडला तेव्हा लोकांना पाणी भरणे हेच सुचले.

जेथे देव येत नसे तेथे माणसे होती. कित्येक गावगाड्यांत पाणी भरणारा कोळी बलुतेदारांमध्ये गणला जाई आणि सुगीला त्याला धान्याच्या रूपाने वाटा मिळे. शहरगावी भिस्ती पखालीने पाणी घालीत. हे बलुते म्हणजे पाण्याची किंमतच होती. ती नाण्यांत न देता धान्यात दिली जाई इतकेच. आणि ज्या घरी कोळी वा भिस्ती ठेवण्याची ऐपत नसे त्या घरी, म्हणजे बहुतेक सर्व घरी, पाण्याची किंमत घरातील स्त्री देई. पहाटे उठून आडावर जाणे, पोहऱ्याने पाणी शेंदणे, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी आणि कडेवर मूल घेऊन परतणे, हा खर्च कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत लिहिला गेला नाही. वही लिहिणारा पुरुष होता आणि खेपा घालणारी स्त्री होती. 'आमच्या घरी पाण्याला कधी पैसा पडला नाही' असे वाडवडिलांचा दाखला देऊन सांगणाऱ्याने, त्या काळी घरातील स्त्रियांच्या दिवसाचे किती तास पाण्यात गेले, हे एकदा विचारून पाहावे.

आणखी एका वर्गाकडून तर ह्याहूनही जबर किंमत घेतली जात होती. ज्यांना अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवले त्यांना सार्वजनिक विहिरीवर चढण्याची मुभा नव्हती. वरच्या जातीतील कोणी येऊन ओंजळीत वा घड्यात वरून पाणी ओतील तोवर तिष्ठत राहावयाचे, हा त्यांच्या पाण्याचा दर होता. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले व्हावेत असे ठरले. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून आपले तळे खुले केल्याचे जाहीरही केले. परंतु कागदावर खुले झालेले ते चवदार तळे प्रत्यक्षात खुले करावयास २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतरचा न्यायालयीन वाद १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. महाड कोकणात असले तरी त्या तळ्याची गोष्ट मराठवाड्यातील गावोगावच्या बारवेची आणि आडाची गोष्ट होती. दानाचे पाणी दात्याच्या मर्जीने मिळते, आणि त्या मर्जीत सर्वांना जागा नसते. विकत घेतलेल्या पाण्यात निदान पैशाला जात विचारली जात नाही. नळाच्या पट्टीविषयी बोलताना ही बाजू ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आता नळाकडे येऊ. मुंबई बेटासाठी विहारच्या तलावाचे पाणी १८६० च्या सुमारास नळाने आले, आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्याने पाण्याचा कर घराच्या भाडेमूल्याच्या प्रमाणात बसविला. श्रीमंताचे घर मोठे, म्हणून त्याचा कर मोठा, आणि त्यातून गरिबांच्या सार्वजनिक नळाची सोय व्हावी, असा त्यात एक प्रकारचा न्याय होता. पुढे राज्यातील अनेक लहानमोठ्या शहरांत नळाच्या तोटीच्या व्यासावरून वर्षाची ठराविक रक्कम घेण्याची पद्धत रूढ झाली. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान होती. घराने किती पाणी वापरले ह्याच्याशी दिलेल्या रकमेचा काही संबंध नव्हता.

आणि ह्या रकमेला नाव पडले 'पाणीपट्टी'. हा शब्द विचार करण्याजोगा आहे. पट्टी हा आपल्याकडील जुना राजस्वविषयक शब्द होय. मराठी राज्यकारभारात मूळ साऱ्याखेरीज निरनिराळ्या निमित्तांनी रयतेवर ज्या जादा आकारण्या बसत त्यांना पट्ट्या म्हणत. घरपट्टी, म्हैसपट्टी ही त्याच कुळातली नावे. पट्टी सरकार बसविते. तिच्या बदल्यात रयतेला अमुक मिळेलच असा करार नसतो, आणि चुकविता आली तर ती चुकविण्यात शहाणपण मानले जाते. किमतीचे तसे नाही. किंमत ही वस्तू हाती पडल्यावर द्यावयाची असते, आणि ती बुडविणारा दुकानदाराच्या दृष्टीने चोर ठरतो. आमच्या गृहस्थाने नगरपालिकेच्या पाण्याकडे पट्टी म्हणून पाहिले आणि टँकरच्या पाण्याकडे किंमत म्हणून. एकच माणूस एक थकवितो आणि दुसरी रोख देतो, ह्याचे अर्धे स्पष्टीकरण ह्या दोन शब्दांत आहे.

उरलेले अर्धे स्पष्टीकरण लातूरच्या अलीकडच्या इतिहासात सापडते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. लातूर ही त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातील एक व्यापारी पेठ होती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट १९११ साली लातूरपर्यंत आली आणि १९२७ साली दुसऱ्या टोकाला मिरजेस जाऊन भिडली. तिच्यावरून येथील माल बाहेर जाऊ लागला आणि पेठ भरभराटली. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, महाविद्यालये आली, 'लातूर पॅटर्न'ची ख्याती पसरून परगावच्या विद्यार्थ्यांनी खोल्या भरून गेल्या. शहर वाढले, पण नदी वाढत नसते. मांजरा नदीवरील साई आणि नागझरी येथील बंधारे अपुरे पडले आणि शहराची सारी भिस्त धनेगावच्या मांजरा धरणावर येऊन राहिली. जमिनीखाली काळा कठीण पाषाण. त्यात पाणी राहते ते फटींत आणि भेगांत. तरीही घरोघर विंधनविहिरी खोदल्या गेल्या, आणि शेजाऱ्यापेक्षा आपली कूपनलिका खोल, ह्या स्पर्धेत त्या दर दुष्काळागणिक खाली खाली गेल्या. ह्या खोदाईला, मोटारीला आणि विजेला लागलेला पैसा हीसुद्धा पाण्याची किंमतच. पण तिला कोणी पट्टी म्हटले नाही, म्हणून ती कोणाला बोचली नाही.

२००८ च्या सुमारास लातूरची पाणीव्यवस्था दहा वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या हाती देण्याचा प्रयोग सुरू झाला. नळांना मीटर लागावयाचे होते आणि दराची फेरमांडणी व्हावयाची होती. शहरात त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. समित्या झाल्या, मोर्चे निघाले आणि करार आपली मुदत पुरी करू शकला नाही. विरोधकांच्या म्हणण्यात केवळ फुकटची हाव होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे होते की, धरण आणि जलवाहिन्या सार्वजनिक पैशाने झाल्या, मग त्यांतील नफा खासगी हाती का जावा? दुसरा मुद्दा तर अगदी घरगुती होता. आठवड्यातून ठराविक वेळ येणाऱ्या नळात पाण्याआधी वारा येतो, आणि त्या वाऱ्यानेही मीटरचा काटा फिरतो. म्हणजे वाऱ्याचे पैसे आम्ही द्यावयाचे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या नळाला पाणी केव्हा येईल ह्याची खात्री नाही, त्या नळाला मीटर लावणे म्हणजे रिकाम्या पोत्याला तराजू लावणे होय.

ह्यानंतर २०१६ साल उजाडले. लागोपाठच्या अवर्षणाने मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात शहरातील पाणवठ्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून कलम १४४ अन्वये जमावबंदीचा हुकूम निघाला. १२ एप्रिल रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरला पोहोचली. तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. थोड्याच दिवसांत गाडी ५० वाघिणींची झाली आणि एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. ऑगस्टपर्यंत अशा शंभरांहून अधिक खेपा झाल्या. ज्या मार्गाने एके काळी बार्शी लाइटच्या चिमुकल्या डब्यांतून लातूरचा माल बाहेर जात होता, त्याच मार्गाने, आता रुंद झालेल्या रुळांवरून, सुमारे ३४० किलोमीटरवरून शहराला प्यावयाचे पाणी येत होते.

आता थोडा हिशेब करू. २५ लाख लिटर हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. परंतु पावणेचार लाख वस्तीत तो वाटला तर माणशी साडेसहा लिटर येतात, म्हणजे जेमतेम अर्धी घागर. मे महिन्यात, तोवर आणलेल्या सुमारे ६ कोटी २० लाख लिटर पाण्याच्या वाहतुकीचे सुमारे ४ कोटी रुपयांचे देयक रेल्वेने जिल्हा प्रशासनाकडे पाठविले. प्रशासनानेच ते मागविले होते. त्यावर देशभर चर्चा झाली. तहानलेल्यांकडून पैसे मागावेत काय, असा प्रश्न अनेकांनी विचारला, आणि तो योग्यच होता. पण त्या कागदाने आणखी एक काम केले. त्याचा भागाकार केला तर हजार लिटरला साडेसहाशे रुपयांच्या आसपास खर्च येतो, आणि त्यात पाण्याची किंमत एक पैसाही नाही, तो केवळ वाहून आणण्याचा खर्च आहे. पूर्वी जो खर्च स्त्रीच्या मस्तकावर पडत होता, तो प्रथमच रुपयांत लिहिला गेला.

त्या उन्हाळ्यात लातूरचे घर पाणी लिटरमध्ये मोजावयास शिकले. भाजी धुतलेले पाणी झाडाला, कपड्यांचे पाणी फरशीला, अंगणाऐवजी परातीत बसून स्नान, असे घराघराचे शास्त्र तयार झाले. परंतु ह्याच काळात दुसरीही एक गोष्ट उघडी पडली. ज्याच्या घरी जमिनीत हौद आहे तो पुरा टँकर घेऊ शके आणि त्याला लिटरमागे दर कमी पडे. एका खोलीच्या भाडेकरूजवळ साठविण्यास दोन पिंपे, म्हणून त्याला जारचे वा घागरीचे महाग पाणी घेणे भाग. नळच नसलेल्या वस्तीला ना पट्टी ना पाणी. म्हणजे ज्याची मिळकत कमी त्याच्या पाण्याचा दर अधिक. स्वस्त पट्टीचा लाभ ज्यांच्या घरी नळ आहे त्यांनाच मिळतो, आणि बंगल्याच्या बागेला पाणी घालणारा व पाच माणसांच्या खोलीत दोन हंडे भरणारा ह्यांची तोटी अर्ध्या इंचाचीच असेल तर दोघांची वार्षिक पट्टी सारखीच. गरिबांसाठी म्हणून स्वस्त ठेवलेल्या पाण्याचा असा उलटा परिणाम होतो.

नांदेडची गोष्ट वरवर पाहता अगदी निराळी. येथे गोदावरी समोर वाहते. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांचे ह्याच ठिकाणी देहावसान झाले, आणि येथील सचखंड हुजूर साहिबमध्ये रोज गोदावरीचे पाणी घागरीत भरून नेण्याची परंपरा आजही चालू आहे. ते वाहून नेणाऱ्या सेवेकऱ्याला गागरिया म्हणतात. पाणी वाहणे हे दास्य नसून सेवा आहे, असे मानणारी ही परंपरा आमच्या वाक्प्रचाराला चांगलेच उत्तर आहे. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून आलेल्या पैशाने, शहरात रस्ते, जलवाहिन्या आणि भुयारी गटारे ह्यांची मोठी कामे झाली. शहराला पाणी मिळते ते मुख्यतः गोदावरीवरील विष्णुपुरीच्या जलाशयातून. अशा शहरातील गृहस्थ साहजिकच विचारतो की, नदी आमची, पाऊस देवाचा, मग पैसे कशाचे?

ह्याचे उत्तर सोपे आहे, पण ते लोकांना क्वचितच समजावून दिले जाते. पैसे पाण्याचे नसतात, पाणी घरी येण्याचे असतात. जलाशयातून ते उपसण्यास वीज लागते, तुरटीने निवळावे लागते, क्लोरिनने शुद्ध करावे लागते, उंच टाकीत चढवावे लागते, फुटलेली वाहिनी रात्री-अपरात्री जोडणारे हात लागतात. शिवाय घरातून बाहेर पडणारे सांडपाणी शुद्ध न करता सोडले तर ते ह्याच गोदावरीत, म्हणजे खालच्या गावाच्या पिण्यात, जाते. गंगा म्हणून जिच्या पाया पडावयाचे तिच्यातच आपले मोरीचे पाणी सोडावयाचे, आणि ते शुद्ध करण्याचा खर्च मागितला की भुवया उंचवावयाच्या, हे नदीकाठच्या शहराला शोभत नाही.

तथापि केवळ उपदेशाने लोक पैसे देत नाहीत, हेही तितकेच खरे. जगाचा अनुभव काय सांगतो ते पाहू. नायजेरियातील ओनित्शा शहराचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. तेथील कुटुंबे पाणी विकणाऱ्यांना वर्षाकाठी जेवढे पैसे देत होती तेवढ्यात नळाची व्यवस्था चालविण्याचा खर्च दुपटीने भागला असता, असे त्यात आढळले. म्हणजे लातूरच्या टँकरची कथा एकट्या लातूरची नाही. उलट बोलिव्हियातील कोचाबांबा येथे २००० साली परदेशी भांडवलाच्या कंपनीने एकाएकी दर चढविले, तेव्हा लोक रस्त्यावर आले, रक्त सांडले आणि सरकारला करार रद्द करावा लागला. दक्षिण आफ्रिकेने त्याच सुमारास तिसरा मार्ग धरला. प्रत्येक कुटुंबाला महिन्याला ६,००० लिटर पाणी विनामूल्य, आणि त्यावरील वापराला चढता दर. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सुरक्षित पिण्याचे पाणी हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. हक्क आणि किंमत ह्यांचे हाडवैर आहे असे अनेकांना वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणावरून दिसते की, गरजेपुरते पाणी हक्काचे आणि चैनीचे पाणी किमतीचे, अशी सीमारेषा निदान आखता तरी येते.

परदेशाचे दाखले दूरचे वाटत असतील तर घराजवळचे पाहू. छत्रपती संभाजीनगर येथे वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपये होती. पाणी मात्र कित्येक भागांना आठवड्यातून एखाद्या दिवशी मिळे. लोकांचा रोष इतका वाढला की २०२२ साली ती निम्मी, म्हणजे २,०२५ रुपये, करण्यात आली. पाणी नाही तर पट्टी कशाची, ह्या घराघरांतील युक्तिवादाला अधिकाऱ्यांनीच दिलेली ही मान्यता होती. पण निम्म्या पट्टीने पाणी दुप्पट होत नाही, हीही गोष्ट उघड आहे. ह्याच्या उलट उदाहरण सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडनजीकच्या मलकापूरचे. ह्या लहानशा गावाने पहिल्यांदा चोवीस तास पाण्याची व्यवस्था उभारली, घरोघर मीटर बसविले, आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर ठेवला. तेथे लोकांनी मीटर स्वीकारले. त्या गावचे लोक लातूरकरांहून अधिक सद्गुणी आहेत असे मानण्याचे कारण नाही. त्यांना तोटी फिरविली की पाणी येते हे दिसले, आणि काटा वाऱ्याने फिरत नाही हेही दिसले. चोवीस तास पाणी असलेल्या घरात रांजण, पिंपे, हौद ह्यांची गरज उरत नाही, आणि उद्या पाणी येईल की नाही ह्या धास्तीने शिळे झालेले पाणी ओतून देण्याची सवयही सुटते.

अलीकडे अर्थशास्त्राचे अभ्यासक घरोघर जाऊन विचारतात, 'चांगले पाणी मिळाले तर आपण महिना किती रुपये द्याल?' ह्या पाहण्यांतून येणाऱ्या उत्तरांना ते 'पैसे देण्याची तयारी' म्हणतात. पद्धत उपयुक्त आहे. परंतु मराठवाड्यात ती जपून वापरावी लागेल. अधिक आकडा सांगितला तर उद्या दर वाढेल, कमी सांगितला तर योजनाच येणार नाही, अशा दुहेरी भीतीने माणूस उत्तर देतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, उत्तर कोण देतो? दारात येऊन पुरुष उत्तर देतो, आणि आत हंडा घासणारी स्त्री गप्प राहते. ज्या घरात पाणी भरण्यासाठी मुलीला शाळेला उशीर होतो, त्या घरातील पाण्याची खरी किंमत त्या मुलीला विचारल्याशिवाय कळावयाची नाही.

श्रोतेहो, ह्या साऱ्या विवेचनातून पाण्याला किंमत असावी की नसावी हा वाद मला निरर्थक वाटतो. किंमत होतीच. कोळ्याच्या बलुत्यात होती, स्त्रीच्या मानेवर होती, तळ्याबाहेर तिष्ठणाऱ्या माणसाच्या अपमानात होती. आज ती टँकरच्या रोख नोटांत आणि हजार फूट खोल विंधनविहिरीत आहे. विचार करावयाचा तो हा की, ही किंमत दुर्बलांनी गुपचूप द्यावी, की सर्वांनी मिळून, ऐपतीप्रमाणे आणि वापराप्रमाणे, उघड हिशेबाने द्यावी. ज्या दिवशी नांदेडच्या वा लातूरच्या महानगरपालिकेचा नळ ठरल्या वेळी येईल, गरजेपुरते पाणी प्रत्येक वस्तीला पोहोचेल आणि वर्षाचा जमाखर्च चौकात लागेल, त्या दिवशी गृहस्थानेही पट्टी चुकविण्यातले शहाणपण टाकून द्यावयास हवे. दोन्ही बाजूंनी एकदमच पाऊल पडले पाहिजे. नगरपालिका म्हणते, आधी पैसे, मग पाणी. नागरिक म्हणतो, आधी पाणी, मग पैसे. ह्या हटवादात गेली कित्येक वर्षे दोघेही कोरडेच राहिले आहेत, आणि मधल्या मध्ये टँकरवाला भरला आहे.

२०१६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस पाऊस पुष्कळ झाला आणि मांजरा धरण भरले. आगगाडीतून आलेल्या पाण्याची आठवण हळूहळू पुसट होत गेली. दुष्काळ विसरण्याची आपली शक्ती मोठी आहे. पण ज्या शहराने माणशी अर्धी घागर पाण्याची वाट ३४० किलोमीटर पाहिली, त्याने तेव्हाचा तो भागाकार विसरू नये.